दिव्यांची उजळणी

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा सोबत एक अट घातली: "संगणकावर लिहू नकोस, शाळेवर लिही." तेवीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला ही अट जरा जड गेली. मग एक विषय असा सुचला की ज्यात दोन्ही येतात: आपल्या गॅदरिंगचे दिवे. स्टेजवरचे दिवे ठरलेल्या क्रमाने आपोआप कसे लागू-विझू लागले, याचा इतिहास मी गेले काही महिने सवडीने वाचते आहे. तो लिहिताना मला एक जुनी चूकही कबूल करायची आहे. ती आधी सांगते.

डिसेंबर १९९५. आपण दहावीत. शाळेला तेव्हा पक्के स्टेज नव्हते. पटांगणात बाकं जोडून, वर फळ्या टाकून, मांडववाल्याच्या कनाती लावून स्टेज उभे राहायचे. त्या वर्षी मराठीच्या बाईंनी दुष्काळावर एक छोटी एकांकिका लिहून बसवली होती. दिव्यांची जबाबदारी विज्ञानाच्या सरांकडे होती. तेलाच्या रिकाम्या डब्यांत दोनशे वॅटचे बल्ब बसवून आणि तोंडाला रंगीत जिलेटिन कागद लावून त्यांनी तीन स्पॉट तयार केले होते. डिमर म्हणजे लोणच्याची एक मोठी बरणी. तिच्यात मिठाचे पाणी, तळाशी पत्र्याचा एक तुकडा आणि लाकडी दांडीला बांधलेला दुसरा. दांडी खाली नेली की दोन पत्र्यांमधले अंतर कमी होऊन वीज जास्त वाहायची आणि दिवे उजळायचे. दांडी वर ओढली की मंदावायचे. ही काही सरांनी लावलेला शोध नव्हता, असे डिमर जगभरच्या नाटकमंडळ्यांनी वापरलेले आहेत. पण उघड्या विजेशी तो खेळच होता. आज कुणी करू नये.

दांडी धरायला आपले मामा होते. शाळेचे शिपाई, घंटा देणारे, पाण्याची टाकी भरणारे, आपल्या सायकलींची हवा बघणारे मामा. लाकडी पाटावर, पायात रबरी चप्पल घालून ते विंगेत उभे होते. त्यांच्या शेजारी मी, हातात वही घेऊन. वहीत प्रत्येक बदल लिहिलेला: कोणत्या वाक्याला उजेड, कोणत्या वाक्याला अंधार. शेवटच्या प्रवेशासाठी मी लिहिले होते: "बाप कोसळतो. दहा अंक मोजून अंधार."

कमानीवर मांडववाल्याने लाल-हिरव्या पळत्या दिव्यांची माळ लावली होती. शेवटच्या प्रवेशात बाप कोसळला, पटांगण चिडीचूप झाले आणि डोक्यावर लाल-हिरवे दिवे आपले पळतच राहिले. मागच्या ओळीत कुणीतरी हसले. मग बरेच जण हसले. मांडववाला जेवायला गेला होता. सर धावले, वायर सापडली, माळ बंद झाली. पण आईचे काम करणारी आपली मैत्रीण त्या हशाने गोंधळली आणि पुढचे वाक्य विसरली. मी तोवर दहा मोजून झाले होते. "मामा, अंधार!" मी म्हटले. मामांनी दांडी हलवली नाही. मी पुन्हा म्हटले. त्यांनी दिवे अर्ध्यावर आणून तसेच धरून ठेवले, अर्धा मिनिट तरी. त्या मंद उजेडात ती खाली बसली, बापाचे मुंडासे तिने उचलले, आणि मग तिला वाक्य आठवले. ते म्हणून झाल्यावर मामांनी हळूहळू अंधार केला. टाळ्या तुम्हाला आठवत असतील.

मला मात्र टाळ्या दिसल्या नाहीत, वही मोडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूमच्या दारात उभी राहून तक्रार केली की मामांनी ऐकले नाही. सगळ्यांसमोर त्यांना बोलणी बसली. ते काही बोलले नाहीत. नंतर जिन्यात भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, "पोरी, दिव्याकडं नको बघू. वहीकडं बी नको. स्टेजवरच्या माणसाकडं बघ."

आता इतिहास.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हा आपल्याकडे स्टेजवर वीज नव्हती. तेलाच्या दिव्यांवर आणि मशालींवरच नाटके होत. त्या दिव्याला क्रम नसे. तो लावायचा, तेल घालायचे, संपला की पुन्हा लावायचा. क्रम आला तो पुढे. लंडनचे सॅव्हॉय थिएटर १८८१ साली पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळले. सार्वजनिक इमारत अशी उजळण्याची ती पहिलीच वेळ. लोकांना विजेची भीती वाटत होती म्हणून मालक डॉयली कार्ट यांनी स्टेजवर येऊन पेटता बल्ब फोडून दाखवला. आग लागली नाही, मग लोक निवांत बसले.

विजेच्या दिव्यांत एका जागी बसून सगळे दिवे कमी-जास्त करता येत. पण डिमर मोठे आणि जड, प्रत्येक दिव्याला वेगळे. वीज अडवण्यासाठी त्यांत तारांची वेटोळी असत आणि दिवा मंद केला की ती तापत. मोठ्या नाटकाला दिवे चालवायला चार-सहा माणसे लागत. त्यांनी एकाच वेळी एकच काम करावे म्हणून कागद आला: पहिला बदल, दुसरा बदल, तिसरा बदल. नाटकवाले त्याला आजही क्यू म्हणतात. माझी वही त्या कागदाची मोहोळमधली दूरची नात होती.

दौऱ्यावर जाणाऱ्या आपल्या मराठी नाटकांना ही वही फार लागते. सोलापूरला हुतात्मा स्मृती मंदिरात आपण नाटकाला जायचो तेव्हा मागे नाटकाची बस उभी असायची आणि टपावरून सामान उतरत असायचे. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. प्रत्येक नाट्यगृहात दिवे टांगायची जागा वेगळी, डिमर वेगळे. दुपारी पोचायचे, रात्री पडदा उघडायचा. बोर्डवरचा माणूस दर गावी तेच नाटक नव्याने जुळवतो. लोकांना ते कळत नाही, यातच त्याचे यश असते.

क्रम कागदावर होता तोवर तो माणूस वाचत होता. यंत्राने तो वाचावा ही कल्पना मात्र नाटकातून आलेली नाही. ती आली मागावरून, आणि इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. फ्रान्समध्ये ल्यों शहरातल्या जोसेफ जॅकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर भोकांचे पत्ते बसवले. एका पत्त्यावर भोके कुठे आहेत त्यावरून ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे ते ठरते. आडवा धागा एकदा गेला की पत्ता पुढे सरकतो. शेकडो पत्ते दोऱ्याने ओवून त्यांची माळ केली की मोर, फुले, वेलबुट्टी आपोआप विणली जाते. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहरात हातमाग आणि पुढे यंत्रमाग वाढवले, आणि याच जॅकार्डवर सोलापुरी चादर विणली गेली. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी आहे. तिच्यावरची नक्षी म्हणजे लिहून ठेवलेला क्रम आहे. पुढे संगणकातही भोकांचे पत्ते आले ते याच वंशातले. इंजिनिअरिंगला असताना पुस्तकात जॅकार्डचे चित्र पाहिले तेव्हा वाटले, हे तर आपण पस्तीस किलोमीटरवर रोज ऐकलेले खटखट आहे.

आपल्या कमानीवरची पळती माळ त्याच जातीची. मांडववाले तिला चालवणाऱ्या यंत्राला रोलर म्हणत. लाकडी दंडगोल, त्यावर ठरावीक जागी ठोकलेल्या तांब्या-पितळेच्या पट्ट्या, वर टेकलेल्या स्प्रिंगच्या पत्त्या आणि फिरवायला एक छोटी मोटर. पट्टी पत्तीखाली आली की त्या लाइनचे दिवे लागतात, सरकली की विझतात. माळेतले दिवे तीन लाइनींत वाटायचे: पहिला, चौथा, सातवा एका लाइनीत, दुसरा, पाचवा, आठवा दुसऱ्या लाइनीत, असे. तिन्ही लाइनी पाठोपाठ लावल्या की दिवा पळतो आहे असे दिसते. पळत काहीच नसते. लागणे आणि विझणे यांतली हालचाल डोळा स्वतः भरून काढतो. मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. बंगालमधल्या चंदननगरच्या कारागिरांनी याच तंत्रावर जगद्धात्री पूजेसाठी उडते पक्षी आणि पोहते मासे दिव्यांत उभे केले. आपल्याकडे गणपती, लग्नाचे मांडव आणि नागनाथाच्या यात्रेच्या कमानी रोलरवर पळाल्या.

पण रोलरला एकच गोष्ट येते, फिरणे. स्टेजवर बाप मरतो आहे की मुलगी नाचते आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. १९९५ च्या त्या हशात चूक मांडववाल्याची थोडी आणि रोलरची मुळीच नव्हती. यंत्र सांगितले तेच करत होते.

त्याच काळात माणसाच्या हाताने काय होऊ शकते, याचे आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कोलकात्याचे तापस सेन. १९५९ साली उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरून कामगार बुडतात. ते पाणी तापस सेन यांनी निव्वळ प्रकाशाने दाखवले. त्याच वर्षी 'सेतू' नाटकात त्यांनी दिव्यांनी स्टेजवर रेल्वे आणली. साधने अगदी साधी, पण हात आणि डोळा एकत्र काम करणारे. आजही भारतात प्रकाशयोजना शिकणारा विद्यार्थी या दोन नाटकांची नावे ऐकल्याशिवाय पुढे जात नाही.

तिकडे अमेरिकेत येल विद्यापीठात जॉर्ज आयझेनूर यांनी १९४७ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हवर चालणारे डिमर केले. जड डिमर मागे खोलीत गेले आणि हातात फक्त छोट्या दांड्या राहिल्या. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर हा भाग आणला आणि डिमर आणखी लहान झाले. आपली घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे शंभर अर्धी आवर्तने. थायरिस्टर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वीज थोडी उशिरा सोडतो. जितका उशीर, तितका दिवा मंद. वीज अडवून तापवायची गरजच उरली नाही.

मग आले टू सीन बोर्ड. दांड्यांच्या दोन ओळी: वरच्या ओळीवर आताचा प्रवेश चालू असताना खालच्या ओळीवर पुढचा प्रवेश लावून ठेवायचा आणि एका मोठ्या दांडीने एकातून दुसऱ्यात जायचे. पुढची पायरी म्हणजे ही मांडणी यंत्राने लक्षात ठेवणे. ब्रॉडवेवर १९७५ साली 'अ कोरस लाइन' या नाटकाला प्रथमच संगणकीय बोर्ड वापरला गेला आणि तो वापरणारी प्रकाशयोजनाकार बाई होती, थॅरन मसर. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले, हे लपवत नाही. सगळे बदल यंत्राच्या स्मरणात आणि पुढचा बदल आणायला एक बटण: गो.

बोर्ड शहाणे झाले तरी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या डिमरशी बोलत नसे. म्हणून अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली एक सामाईक भाषा ठरवली, डीएमएक्स ५१२. ती शाळेच्या भाषेत समजावणे सोपे आहे. एका वायरवर ५१२ घरे. प्रत्येक घरात ० ते २५५ मधला एक अंक: ० म्हणजे अंधार, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. कंट्रोलर पहिल्या घरापासून पाचशेबाराव्यापर्यंत सगळे अंक ओळीने म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, सेकंदाला साधारण चव्वेचाळीस वेळा. आपली सकाळची पाढ्यांची उजळणीच ती, फक्त न थकता. प्रत्येक दिव्याला हजेरी क्रमांक दिलेला असतो. आपला क्रमांक आला की दिव्याने आपला अंक उचलायचा.

फरक एकच. या वर्गात कुणी 'हजर' म्हणत नाही. डीएमएक्स एकाच दिशेने बोलते. दिवा जळला की विझला, वायर उंदराने खाल्ली की काय, कंट्रोलरला कळत नाही. तो उजळणी म्हणत राहतो. म्हणूनच चूक झाल्यास माणसाला इजा होईल अशा गोष्टी, उदाहरणार्थ स्टेजवरचे स्फोट, डीएमएक्सवर चालवू नयेत असे त्या मानकातच बजावले आहे. ज्या माणसांनी हे यंत्र घडवले त्यांना त्याचे आंधळेपण नीट ठाऊक होते.

मधल्या काळात मीही या इतिहासात चिमूटभर भर घातली. सोलापूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ५५५ आणि ४०१७ या दोन चिप वापरून पळत्या दिव्यांचे सर्किट केले. ५५५ ठोके देते, ४०१७ ते मोजून एकामागून एक दहा दिवे लावते. लाकडी रोलर नखाएवढ्या दोन तुकड्यांत आला होता. सुट्टीत ते मोहोळला आणून घरच्या गणपतीपुढे लावले. मामा दर्शनाला आले होते. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "थांबतं का गं मध्ये?" मी म्हटले, "नाही." "बरं," म्हणाले आणि प्रसाद घेऊन गेले. तेव्हाही मी माफी मागितली नाही. सुचलेच नाही.

आज मोहोळच्या कुठल्याही मंगल कार्यालयात जा, साउंडवाल्याच्या टेबलावर डीएमएक्स १९२ नावाचा काळा डबा दिसेल. बारा दिवे, प्रत्येकी सोळा चॅनेल, म्हणजे १९२. तीस बँका आणि प्रत्येकीत आठ सीन, म्हणजे २४० सीन साठवता येतात. प्रोग्रॅमचे बटण दाबून धरायचे, दिवा लुकलुकला की दांड्यांनी रंग आणि दिशा ठरवायची, सीन जतन करायचा. मग सहांपैकी एक चेस घ्यायचा आणि हवे ते सीन हव्या त्या क्रमाने त्यात ओवायचे. पत्त्यांची माळ ओवतात तसेच. चालवायचे तीन मार्ग: ऑटोवर टाकले की ठरवलेल्या वेगाने तो फिरत राहतो, म्युझिकवर टाकले की ढोलाच्या ठोक्याला पाऊल टाकतो, आणि मॅन्युअलवर टाकले की माणसाने बटण दाबेपर्यंत थांबतो. दहावी झालेली पोरे हे डबे इतक्या सफाईने चालवतात की मला त्यांच्याकडे शिकावे लागले.

आणि शिकूनही मी चुकले. गेल्या वर्षी आपल्या बॅचची छोटी भेट झाली, तिथे दिवे मी लावले होते, आठवत असेल. स्वागताचे चार मिनिटे, बाईंच्या भाषणाचे सहा, मग गाण्यांचा चेस. सगळे वेळेवर बांधून ऑटोवर टाकले आणि मी पुढच्या रांगेत येऊन बसले. बाईंनी आपल्यातून गेलेल्यांची नावे घ्यायला सुरुवात केली. चौथ्या नावाला त्या थांबल्या. त्यांना पुढे बोलवेना. सभागृहात कुणी हलले नाही. आणि सहा मिनिटे संपली. बाईंच्या पांढऱ्या साडीवर लाल-हिरवे दिवे पळू लागले.

यावेळी कुणी हसले नाही. मी धावत टेबलापर्यंत पोचेस्तोवर किती सेकंद गेले ते मला मोजता आले नाहीत. बाई नंतर म्हणाल्या, "असू दे गं." पण मला तीस वर्षांपूर्वीची कमान दिसत होती, आणि या वेळी मांडववाला मी होते.

त्या रात्रीपासून मी हा इतिहास वाचायला घेतला. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. स्मरण यंत्राला दिले गेले, एकेका टप्प्याने, पत्त्यांपासून चिपपर्यंत. पण मोठ्या रंगभूमीने 'आता' हा शब्द यंत्राला सहसा दिला नाही. मसरबाईंच्या बोर्डला सगळे बदल पाठ होते, तरी पुढचा बदल स्टेजकडे बघणाऱ्या माणसाने सांगितल्यावर आणि दुसऱ्याने गो दाबल्यावरच व्हायचा. पैसा होता, यंत्र होते, तरी ते बटण ठेवले. नट थांबतो, विसरतो, रडतो, म्हणून ते ठेवले. जे शिकायला मला इंजिनिअरिंगची पदवी आणि तीस वर्षे लागली, ते मामांना बरणीजवळ उभे राहून येत होते.

मामा आता नाहीत. दिवाळीत त्यांच्या घरी जाऊन आले. मामींना सगळे सांगितले, तक्रारीचेही. त्यांनी ऐकून घेतले, चहा टाकला आणि म्हणाल्या, "शाळेचं घरी येऊन काही सांगायचे नाहीत. त्या नाटकाचं मात्र सांगायचे. पोरगी वाक्य विसरली होती, म्हणायचे, पण तिला आठवणार हे मला दिसत होतं."

आपण त्यांना मामाच म्हणत होतो. पूर्ण नाव मला ठाऊक नव्हते. तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शाळेच्या एकाही कार्यक्रमपत्रिकेवर ते सापडले नाही. कार्यालयातल्या जुन्या दप्तरात मिळाले. या स्मरणिकेच्या ऋणनिर्देशात, प्रकाशयोजना या शब्दापुढे, ते छापायची विनंती मी समितीला केली आणि समितीने ती लगेच मान्य केली. पान उलटून जरूर वाचा.

मेळाव्याच्या दिवशी दिवे मीच बघणार आहे. नाचाला आणि गाण्यांना चेस आहेत, भरपूर पळतील. पण जो कुणी माइकपाशी बोलायला उभा राहील त्याच्यावरचा दिवा हातातल्या दांडीवर असेल आणि मी टेबलापाशी उभी असेन, पुढच्या रांगेत नाही. सर, बाई, तुम्ही बोलताना थांबलात तर खुशाल थांबा. दिवा थांबेल.